उडून आलेला चेंडू कुणाचा?

(रौप्यमहोत्सवी सप्ताहात गच्चीवर झालेल्या छंदविषयक कार्यक्रमात बी विंगमधील एका ज्येष्ठ सभासदाने केलेल्या भाषणाचे शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)



आजच्या कार्यक्रमात आधी कुणी नाणी दाखवली, कुणी काडेपेट्यांचे छाप दाखवले. ए विंगमधल्या वहिनींनी तर पन्नास वर्षांपूर्वीच्या भरतकामाचे नमुने आणले. आता माझा नंबर. मी चेंडू दाखवणार आहे. हसू नका! या टेबलाखाली एक कापडी पिशवी आहे, ती मी शेवटी उघडणार. तोपर्यंत कुणी वाकून बघायचं नाही.

आधी हा एकच चेंडू बघा. पांढरा, लाल दोऱ्याचा. हा बेसबॉलचा चेंडू. मुलीकडे सॅन फ्रान्सिस्कोला गेलो होतो, तिथून आणलाय. हातोहात फिरवा, पण पुढे पाठवत राहा. आपल्या क्रिकेटच्या चेंडूपेक्षा किंचित हलका. क्रिकेटचा साधारण १५६ ते १६३ ग्रॅमचा असतो, हा १४२ ते १४९. कातडं गाईचं. पूर्वी घोड्याचं असे, ते १९७४ पासून बदललं. अमेरिकेच्या मोठ्या लीगमध्ये वापरायचे हे चेंडू कोस्टा रिका नावाच्या छोट्या देशात, तुरियाल्बा गावच्या कारखान्यात हाताने शिवले जातात. मशिनने नाही, सुई-दोरा घेऊन.

आता मुलांना प्रश्न. याला टाके किती असतील? पन्नास? दोनशे? उत्तर ऐका, दुहेरी टाके एकशे आठ! आजी लोक लगेच हसल्या, कारण त्यांच्या जपमाळेत मणीही तेवढेच. अमेरिकेत कुणी जपमाळ समोर ठेवून चेंडू शिवला नसणार. पण हा आकडा लक्षात ठेवा, पुढे परत येणार आहे.

दुसरी गंमत. एवढा पांढराशुभ्र चेंडू सामन्याआधी मुद्दाम चिखलाने चोळतात. साधा चिखल नाही. न्यू जर्सीत डेलावेअर नदीला मिळणाऱ्या एका ओढ्याच्या काठचा. लीना ब्लॅकबर्न नावाचे एक कोच होते, त्यांनी १९३८ च्या सुमारास तो आणला आणि आजतागायत तोच चालतो. नवा चेंडू गुळगुळीत असतो, फेकणाऱ्याच्या हातून निसटतो. चिखलाचा हात फिरवला की पकड येते.

आणि एका सामन्यात असे चेंडू किती लागतात? शंभराच्या वर. आपल्याकडे कसोटीत एकच चेंडू ऐंशी षटकं चालवतात. तो जुना होणं हाच खेळाचा भाग. म्हणून प्रेक्षकांत गेला की परत द्यावाच लागतो. "ओ काका, बॉल द्या ना!" हे आपल्या रक्तातच आहे. बेसबॉलमध्ये उलट. चेंडूला जरा डाग पडला, तो जमिनीवर आपटला, की बाद. यामागे एक दुःखद घटना आहे. १९२० च्या ऑगस्टमध्ये न्यू यॉर्कला क्लीव्हलंड संघाच्या रे चॅपमन नावाच्या खेळाडूच्या डोक्याला चेंडू लागला आणि दुसऱ्या दिवशी तो गेला. तेव्हा हेल्मेट नव्हतं. चेंडू मळून काळपट होईस्तोवर तोच वापरत. त्याला तो नीट दिसलाच नाही, असं मानतात. तेव्हापासून मळका चेंडू लगेच बदलायचा, यावर पंच कटाक्षाने लक्ष देऊ लागले.

आता मुख्य मुद्दा. मागे किंवा बाजूला गेलेला फटका म्हणजे फाऊल. आणि थेट कुंपणापार गेला तर होम रन, म्हणजे आपला षटकार समजा. दोन्हीत चेंडू प्रेक्षकांत येतो. मग तो कुणाचा?

शंभर वर्षांपूर्वी उत्तर सरळ होतं. क्लबचा. प्रेक्षकाने उचलला तर रखवालदार येऊन काढून घेई. १६ मे १९२१ ला न्यू यॉर्कच्या पोलो ग्राउंड्सवर रुबेन बर्मन नावाच्या एका शेअर दलालाने फाऊल चेंडू पकडला. रखवालदार मागायला आले. त्याने त्यांच्या हातात न देता तो मागे प्रेक्षकांत भिरकावला! त्याला ऑफिसात नेऊन दम दिला आणि मैदानाबाहेर काढलं. गडी गप्प बसला नाही. चारचौघांत अपमान केला म्हणून त्याने वीस हजार डॉलरचा दावा ठोकला. मिळाले किती? शंभर डॉलर. पण तो जिंकला. त्यानंतर दोनेक वर्षांत फिलाडेल्फियाला अकरा वर्षांच्या एका पोराने चेंडू परत दिला नाही म्हणून त्याला चोरीच्या आरोपाखाली रात्रभर कोठडीत ठेवलं. दुसऱ्या दिवशी न्यायाधीशांनी त्याला सोडून दिलं. मुलाने जे केलं ते कुठल्याही मुलाने केलं असतं, असा त्यांचा सूर होता. हळूहळू सगळ्या क्लबांनी हट्ट सोडला. चेंडू प्रेक्षकाचा, हा रिवाज पडला. दुसऱ्या महायुद्धात मात्र लोकांनी आपणहून चेंडू परत दिले, कारण ते सैनिकांना खेळायला पाठवले जात.

आणि मग छंद सुरू झाला. लोक हातात ग्लोव्ह घालून सामन्याला येतात, पंचाहत्तरीचे आजोबासुद्धा. शिकागोच्या रिग्ली फील्डबाहेर वेव्हलंड अॅव्हेन्यू हा रस्ता आहे. तिथे काही मंडळी तिकीट न काढता उभी असतात, चेंडू भिंतीवरून बाहेर येईल म्हणून. आत बसलेल्यांची वेगळी तऱ्हा. प्रतिस्पर्ध्याच्या होम रनचा चेंडू हाती आला तर तो तिरस्काराने परत मैदानात फेकायचा, नाहीतर शेजारचे ओरडतात. सॅन फ्रान्सिस्कोत उजव्या बाजूच्या भिंतीपलीकडे समुद्राची खाडी आहे. तिथे लोक छोट्या होड्या घेऊन वल्ही मारत बसतात. चेंडू पाण्यात पडला की झुंबड.

या छंदातला सगळ्यात नावाजलेला माणूस म्हणजे झॅक हॅम्पल. १९९० पासून त्याने मोठ्या लीगच्या मैदानांवर दहा हजारांहून अधिक चेंडू जमवलेत! बहुतेक चेंडू सामन्याआधीच्या सरावात मिळतात, म्हणून हा दार उघडताच आत. दोन्ही संघांच्या टोप्या जवळ ठेवतो. खेळाडू ज्या भाषेचा, त्या भाषेत चेंडू मागतो. खाली अडकलेला चेंडू वर काढायला ग्लोव्हला दोरी आणि रबर बांधून त्याने युक्ती केलीय. २०१५ च्या जूनमध्ये अॅलेक्स रॉड्रिगेझने तीन हजारावा हिट होम रनने घेतला, तो चेंडूही नेमका याच्याच हाती! आधी म्हणाला देणार नाही. मग दिला. बदल्यात यांकीज क्लबने गरजू मुलांना बेसबॉलचं सामान देणाऱ्या संस्थेला दीड लाख डॉलर दिले. मोठ्या माणसाने इतके चेंडू कशाला घ्यावेत, पोरांना मिळू द्यावेत, असं त्याच्यावर टीका करणारे म्हणतात. पुष्कळ तो देतोही. तुमचं मत तुम्ही ठरवा. मी माझं शेवटी सांगतो.

आता पैसा. जिथे पैसा आला तिथे काय होतं, हे सोसायटीत पंचवीस वर्षं काढलेल्यांना सांगायला नको. १९९८ साली मार्क मॅग्वायरने एका हंगामात सत्तर होम रन मारले, तेव्हाचा तो विक्रम. सत्तरावा चेंडू तीस लाख डॉलरला गेला. त्याच हंगामात जुना विक्रम मोडणारा बासष्टावा चेंडू मात्र मैदानाची निगा राखणाऱ्या एका कर्मचाऱ्याला सापडला होता. त्याने तो तिथल्या तिथे मॅग्वायरच्या हातात दिला. पैसे मागितले नाहीत.

तीन वर्षांनी, २००१ मध्ये, बॅरी बाँड्सने सत्तरचाही विक्रम मोडला. आपली सोसायटी रजिस्टर झाली तेच वर्ष! ७ ऑक्टोबरला सॅन फ्रान्सिस्कोत त्याने त्र्याहत्तरावा मारला. चेंडू पोपोव नावाच्या गृहस्थाच्या ग्लोव्हमध्ये आला. आला तोच त्याच्यावर गर्दी तुटून पडली. तो खाली, वर माणसांचा ढीग. चेंडू सुटला आणि हयाशी नावाच्या दुसऱ्या गृहस्थाने उचलला. सगळ्यांच्या डोळ्यांपुढे मॅग्वायरचे तीस लाख. प्रकरण कोर्टात. व्हिडिओ तपासला, साक्षीदार झाले, कायद्याच्या प्राध्यापकांना बोलावून मालकी म्हणजे काय यावर चर्चा झाली. वर्षाहून जास्त काळ तो चेंडू कुलपात.

डिसेंबर २००२ मध्ये निकाल लागला. न्यायाधीश म्हणाले, पोपोवने पकड पूर्ण केली असं सिद्ध होत नाही. पण ती पूर्ण करण्याची संधी गर्दीने बेकायदा हिरावली. हयाशीनेही काही गैर केलेलं नाही, तोही त्या गर्दीतच सापडला होता. तेव्हा दोघांचा हक्क सारखा. चेंडू विका आणि पैसे निम्मेनिम्मे वाटून घ्या. विकला. किती आले? साडेचार लाख. म्हणजे प्रत्येकी सव्वादोन लाख. आणि पोपोवच्या वकिलाने फीपोटी मागितले साडेचार लाखांहून जास्त! पार्किंगच्या रेषेवरून एकमेकांना नोटिसा पाठवणाऱ्यांनी हा हिशेब घरी जाऊन पुन्हा एकदा मांडावा. मी कुणाकडे बघून बोलत नाहीये.

हल्लीचे भाव सांगून हा विषय संपवतो. २०२२ मध्ये अॅरन जजचा बासष्टावा चेंडू पंधरा लाख डॉलरला गेला. २०२४ मध्ये जपानच्या शोहेई ओहतानीने एकाच हंगामात पन्नास होम रन आणि पन्नास बेस-चोऱ्या असा पराक्रम प्रथमच केला. तो चेंडू गेला जवळजवळ चव्वेचाळीस लाखांना. त्यावरही दावे झालेच. आणि २०११ मध्ये डेरेक जीटरचा तीन हजारावा हिट पकडणाऱ्या एका तरुणाने तो सरळ जीटरला देऊन टाकला. त्याचा हक्क आहे, म्हणाला.

आता जी गोष्ट सांगतो, ती हसण्याची नाही. शिकागो कब्ज या संघाने १९०८ नंतर अजिंक्यपद मिळवलंच नव्हतं. १४ ऑक्टोबर २००३. जिंकले तर अंतिम मालिकेत. फक्त पाच गडी बाद करायचे राहिलेत. एक फाऊल कुंपणाजवळ आला. कब्जचा खेळाडू पकडायला उडी मारतोय आणि वरून प्रेक्षकांचे चार-सहा हात पुढे आलेत. चेंडू एकाच्या हाताला लागून खाली पडला. त्यानंतर प्रतिस्पर्ध्यांनी त्याच डावात आठ धावा केल्या. त्यात कब्जच्या एका खेळाडूनेही सोपा चेंडू सोडला. संघ तो सामना हरला, पुढचाही हरला.

पण दोषी ठरला कोण? तो प्रेक्षक. लोकांनी त्याच्यावर बिअर फेकली, शिव्या दिल्या. पोलिसांच्या गराड्यात त्याला बाहेर न्यावं लागलं. पेपरात नाव छापून आलं. माणूस स्वतः कब्जचा भक्त, कानाला रेडिओ लावून बसलेला! त्याने माफी मागितली आणि तेव्हापासून तो लोकांपुढे आला नाही. मुलाखतींना, पैशांना नकार दिला. त्याचं नाव इंटरनेटवर सहज मिळतं, पण त्याला ते नको होतं, म्हणून मी ते या गच्चीवर घेणार नाही. तो चेंडू लिलावात एक लाख डॉलरच्या वर किमतीला घेऊन २००४ मध्ये शिकागोत समारंभपूर्वक स्फोटाने उडवला. चेंडूचा राग चेंडूवर काढला म्हणायचं.

२०१६ मध्ये कब्ज जिंकले. १९०८ ते २०१६, मोजा बरं. एकशे आठ वर्षं! चेंडूच्या टाक्यांइतकी. पुढच्या वर्षी क्लबने खेळाडूंना दिली तशी अजिंक्यपदाची अंगठी त्या माणसालाही दिली. मला ही गोष्ट फार लागली. हात सहा पुढे आले होते, नाव एकाचंच झालं. सोसायटीतही असं होतं. गळती सगळ्यांच्या पाइपांतून असते, मिनिट्समध्ये नाव एकाच फ्लॅटचं येतं.

आता हा चेंडू माझ्याकडे कसा आला ते सांगतो.

दोन वर्षांपूर्वीची जूनची संध्याकाळ. सॅन फ्रान्सिस्कोला जूनमध्ये संध्याकाळी इतका गार वारा सुटतो, की मी स्वेटर आणि कानटोपीत. सगळ्या स्टेडियमभर लसणाचा वास, तिथे लसूण घातलेल्या बटाट्याच्या फ्राइज प्रसिद्ध आहेत. जावयाने तिकिटं काढलेली. शेजारी माझी नऊ वर्षांची नात. ती मला नियम समजावत होती आणि मी झोप आवरत होतो.

एवढ्यात एक फाऊल आला. दोन रांगा पुढे खुर्चीवर आपटला, उसळला आणि घरंगळत माझ्या पायाशी आला. मी काय केलं? गल्लीतली सवय. पटकन त्यावर पाय ठेवला! चेंडू उचलला आणि सगळ्यांना दाखवला. आजूबाजूच्यांनी टाळ्या वाजवल्या. मग लक्षात आलं, माझ्या मागच्या रांगेतला एक सहा-सात वर्षांचा मुलगा चेंडूसाठी खाली वाकला होता. हातात त्याच्या मापाला मोठा असा ग्लोव्ह. तो काही बोलला नाही, नुसता बघत होता. नात हळूच म्हणाली, "आबा, द्या ना त्याला. इथे असं देतात."

मी नाही दिला. म्हटलं, मला सोसायटीत नेऊन दाखवायचाय. आणि बॅगेत टाकला.

कुणी काही बोललं नाही. कायद्याने चेंडू माझाच होता, बर्मनसाहेबांनी शंभर डॉलर मिळवले ते त्यासाठीच. पण नात परतीच्या रस्त्यात गप्प होती. घरी आल्यावर तिने मला इंटरनेटवर या सगळ्या गोष्टी दाखवल्या, बासष्टावा चेंडू परत देणाऱ्या कर्मचाऱ्याची, शिकागोच्या त्या माणसाची. रागावली नव्हती. फक्त दाखवल्या. आज तुम्हाला जे सांगितलं, त्याची सुरुवात तिथून झाली.

आता पिशवी उघडतो.

मी २००४ ते २००८ सेक्रेटरी होतो. बी विंगच्या तळमजल्याची काच फुटली, जनरल बॉडीत गदारोळ झाला आणि ठराव झाला. कंपाउंडमध्ये क्रिकेट बंद. कुणाच्या गॅलरीत आलेला बॉल ऑफिसात जमा करायचा. ठराव मी मांडला आणि तो मी पाळला. या स्मरणिकेसाठी जुनं दप्तर काढताना ऑफिसच्या कपाटात, पाण्याच्या बिलांच्या फायलींमागे, ही पिशवी निघाली. काल मी मोजले. टेनिसचे एकोणीस, रबरी नऊ, प्लास्टिकचे पाच, सीझन बॉल एक. एकूण चौतीस. हॅम्पलपुढे काहीच नाही, पण संग्रह आहे! हा बघा, याची लव पार गेलीय. हा रबरी चिकट झालाय, हाताला लागतो. आणि या टेनिसच्या बॉलवर बॉलपेनने एक नाव लिहिलंय.

हा मुलगा मला चांगला आठवतो. दहा वर्षांचा असेल. संध्याकाळी माझ्या दाराशी आला, मुठीत वीस रुपये. "काका, दंड घ्या आणि बॉल द्या." मी त्याला ठराव समजावून सांगितला. दहा वर्षांच्या मुलाला ठराव! तो गेला. पुन्हा आला नाही. तोच आज आपल्या कमिटीचा खजिनदार आहे आणि तिथे उभा राहून हसतोय. मेंटेनन्स उशिरा भरणाऱ्यांना तो दंड का माफ करत नाही, ते आता तुम्हाला कळलं असेल.

काच फुटली हे खरं होतं. ज्यांची फुटली, त्यांच्या घरात तेव्हा तान्हं बाळ होतं, त्यांचा राग चूक नव्हता. ठराव करायला हरकत नव्हती, पण संध्याकाळी एक तास, गेटकडची बाजू, प्लास्टिकचा बॉल, असा काही मार्ग काढता आला असता. मी काढला नाही. चेंडू जमा करत गेलो. आणि दोन-तीन वर्षांत चेंडू यायचे बंद झाले. तेव्हा मी वार्षिक अहवालात लिहिलं, 'सदर तक्रारींचे पूर्ण निवारण झाले आहे.' आज खाली संध्याकाळी फक्त गाड्या उभ्या असतात. तक्रार नाही, आवाजही नाही.

त्या अमेरिकन मुलाचं नाव मला ठाऊक नाही. त्याला हा चेंडू आता परत देता येणार नाही. पण पिशवीतले चौतीस देता येतील. ज्याने ज्याने आपला ओळखला, त्याने घेऊन जावा. दंड नाही. खजिनदारसाहेब, पहिला तुमचा. या पुढे.

आणि हा एकशे आठ टाक्यांचा चेंडू मी सोसायटीच्या मुलांना देतो. फक्त याने कंपाउंडमध्ये खेळू नका, फार टणक आहे, काच नक्की फुटेल. त्यासाठी मी नवे प्लास्टिकचे सहा आणलेत. कमिटीला माझा लेखी अर्ज आहे, संध्याकाळी साडेपाच ते साडेसहा गेटकडची बाजू गाड्यांविना मोकळी ठेवावी. अर्जावर पहिली सही माझी आहे. आणि दुसरी, तळमजल्यावरच्या त्या वहिनींची, ज्यांची काच फुटली होती. त्यांचं तेव्हाचं तान्हं बाळ आता कॉलेजात आहे.

 

(या अर्जावर पुढील मासिक सभेत चर्चा होऊन तो एकमताने मंजूर झाला. पिशवीतील चौतीसपैकी नऊ चेंडू आतापर्यंत त्यांच्या मालकांनी नेले आहेत. उरलेले ऑफिसमध्ये आहेत. आपला असल्यास ओळख पटवून घेऊन जावा. – संपादक मंडळ)